पैसा हंगामाला येतो, फी तारखेला: खान्देशातल्या विद्यार्थ्यांसाठी बचत, गुंतवणूक आणि कर

बचतीवरचा बहुतेक सल्ला पगारदारासाठी लिहिलेला असतो. एक तारखेला पगार, पाच तारखेला एसआयपी (फंडात जाणारा ठरावीक हप्ता), उरलेल्यात महिना काढायचा. चोपडा, शिरपूर, शहाद्याकडून जळगाव-धुळ्याला शिकायला आलेल्या पोरापोरींच्या घरी असं काही नसतं. कापूस दिवाळीच्या आगेमागे विकला जातो, आणि भाव पडलेला असेल तर तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुढच्या खोलीत छताला टेकून पडलेला असतो. केळीचा पैसा बाग कापल्यावर. शिष्यवृत्ती येईल तेव्हा. खोलीचं भाडं, परीक्षेचा फॉर्म आणि मेसवाल्या काकूंचे पैसे मात्र तारखेलाच द्यावे लागतात.

मी जळगावात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. जुलैत रिटर्न भरायला येणाऱ्यांत आता कॉलेजातली पोरंही असतात, आणि त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे क्रमाने घेतलेत. कराचे नियम आणि व्याजदर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा पैसे भरण्याआधी खिडकीवर एकदा विचारून घ्या.

पहिलं काम: वही

कुठे गुंतवू, हा प्रश्न नंतरचा. हातातला पैसा कधी लागणार आहे, हे आधी लिहून काढायचं.

माझा भाचा धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वेळी कापूस विकल्यावर भावजींनी त्याच्या हातात एकदम ४०,००० ठेवले आणि सांगितलं, "एप्रिलपर्यंत पुरव." नोव्हेंबर ते एप्रिल, सहा महिने. आदल्या वर्षी अशाच पैशातून डिसेंबरात नवा मोबाइल आला होता आणि फेब्रुवारीत मामाला फोन. या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. मेस महिन्याला २,८००, खोलीच्या भाड्यातला त्याचा वाटा १,५००, मोबाइलचा रिचार्ज आणि गावी जायचं एसटीभाडं मिळून ७००. झाले महिन्याचे ५,०००, सहा महिन्यांचे ३०,०००. परीक्षा फॉर्म, जर्नल आणि झेरॉक्सचे ३,५०० वेगळे. म्हणजे ३३,५०० आधीच खर्ची पडले होते, फक्त अजून खिशातून गेले नव्हते. त्याचे खरे पैसे ६,५००.

मग दोन खाती केली. एका खात्याला यूपीआय, त्यात फक्त चालू महिन्याचे ५,०००. बाकी सगळे दुसऱ्या खात्यात, ज्याला मोबाइलवरचं कुठलंच पेमेंट अ‍ॅप जोडलेलं नाही. दर एक तारखेला दुसऱ्यातून पहिल्यात ५,००० आपोआप यावेत, असं बँकेला लिहून दिलं. बँकेत याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला पगार असा तयार करावा लागतो. वीस तारखेलाच पैसे संपले तर शेवटचे दहा दिवस मेसबाहेरची शेवभाजी बंद, एवढीच काय ती शिक्षा.

उरलेले ६,५०० लगेच शेअर बाजारात घालायला भाचा निघाला होता. ते अडीअडचणीचे आहेत. लॅपटॉप बंद पडतो, दवाखाना निघतो, आजी आजारी पडते आणि रात्रीच्या गाडीने निघावं लागतं. एक-दीड महिन्याचा खर्च हात लावल्याबरोबर मिळेल असा बाजूला असल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांवर जाऊच नका. असा पैसा नसला की माणूस झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे वळतो. पाच हजारांचं कर्ज घ्यावं, हातात साडेचार हजार पडावेत आणि हप्ता चुकला की तुमच्या फोनमधल्या नंबरांवर धमक्या जाव्यात, असली प्रकरणं आमच्या टेबलापर्यंत आली आहेत.

खातं: कुठे उघडायचं आणि कुणाला द्यायचं नाही

किमान शिल्लक ठेवायची गरज नसलेलं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेत मिळतं. पोस्टाच्या बचत खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात आणि व्याज ४ टक्के. दुसरं खातं, म्हणजे ते लपवून ठेवायचं, पोस्टात असलं तरी चालेल. मात्र मग दर महिन्याची उचल आपोआप होईल का, ते आधी विचारा.

शिष्यवृत्तीवाल्यांनी इथे थांबून नीट वाचा. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पण पासबुकासाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं, असं नाही. सरकारी पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे याची एक वेगळी नोंद असते, तिला सीडिंग म्हणतात, आणि ती एका वेळी एकाच बँकेची असते. कॉलेजच्या गेटवर छत्री लावून बसलेल्या माणसाकडे दहा मिनिटांत नवं खातं उघडलं, फॉर्मवर न वाचता सही केली, की ती नोंद तिकडे सरकलेली असू शकते. मग शिष्यवृत्ती आली असं पोर्टल म्हणतं आणि पोरगं जुन्या पासबुकावर एंट्री मारत बसतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. पैसे आले नाहीत तर आधी ते बघा, समाजकल्याणच्या चकरा नंतर.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक आमच्या घराला महागात पडला आहे. माझ्या वडिलांनी कापसाचे दोन हंगाम एका पतसंस्थेत ठेवले होते. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त, मॅनेजर ओळखीचा, चहा कटिंग नव्हे तर फुल. एक दिवस शटर अर्धं खाली आलं आणि पुढची कित्येक वर्षं वडील ठेवीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिंडत राहिले. बँकेत, मग ती सहकारी का असेना, बुडाली तरी प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. पाटीवर "बँक" हा शब्द आहे का, आणि ठेव विम्याची नोंद आहे का, एवढं बघायला लाजू नका. जळगाव जिल्ह्यात तरी नाहीच.

आणि खातं भाड्याने देऊ नका. "तुझ्या खात्यात पैसे येतील, तू काढून दे, हजारामागे पन्नास तुझे," असं सांगणारा कुणीतरी हॉस्टेलवर भेटतोच. ते पैसे बहुधा कुणाला तरी ऑनलाइन गंडवून आणलेले असतात. पोलिसांना आधी सापडतो तो खातेदार, म्हणजे तुम्ही. खातं गोठतं, त्यातली शिष्यवृत्तीही अडकते, आणि पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते निघतं. तुमचीच फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. इथे उशीर म्हणजे पैसा गेला.

बाजूला ठेवायचे पैसे

सहा महिने ते दोन वर्षांत लागणार असतील तर बँकेची आवर्ती ठेव (आरडी) किंवा मुदत ठेव (एफडी). पुढच्या सेमिस्टरची फी हातात असेल तर तेवढ्या महिन्यांची एफडी करून टाका. मधेच मोडली तर व्याज थोडं कापलं जातं, मुद्दल जात नाही. पोस्टाची आरडी १०० रुपये महिन्यापासून सुरू होते, दर ६.७ टक्के, आणि १०० रुपयांचे पाच वर्षांनी ७,१३६ होतात. पण ती पाच वर्षांचीच असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. तीन वर्षांच्या डिग्रीला आलेल्याने हे खिडकीवर सही करायच्या आत लक्षात घ्यावं. विद्यार्थ्याला बँकेची वर्षभराची आरडी जास्त सोयीची.

भिशीचं विचाराल तर, ओळखीच्या दहा जणांची ५०० रुपयांची भिशी मी वाईट म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात उचलणाऱ्याला बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटच्याला बिनव्याजी बचत, एवढाच तिचा हिशेब. मात्र पहिल्याने उचलून पुढचे हप्ते बंद केले तर तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो. व्याज लावून बोली बोलणाऱ्या मोठ्या भिशीत जाऊ नका.

सोन्याचं जळगावात कुणाला सांगणार! पण वजाबाकी करून बघा. २०,००० रुपयांचं सोनं, मजुरी दहा टक्के धरली तर २,०००, वर तीन टक्के जीएसटी ६६०. दुकानातून बाहेर पडताना २२,६६० गेले. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर फार तर सोन्याचे २०,००० हातात. दागिना घालायला हवा असेल तर जरूर घ्या, हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बघून घ्या. गुंतवणूक म्हणून विद्यार्थ्याने मजुरी भरू नये. आईशी यावर वाद घालू नका, कारण घरातली अडचण आजवर तिच्याच पाटल्यांनी काढलेली असते.

पीपीएफचं, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं मात्र लवकर उघडलेलं बरं. वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, मुदत १५ वर्षं, व्याज ७.१ टक्के, करमुक्त. विसाव्या वर्षी उघडलं तर घर-लग्नाच्या वयात ते पिकतं. दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरायचे. एप्रिलच्या ५ तारखेआधी वर्षाचे एकदम भरले तर उत्तम. दर वर्षी असे ६,००० भरले आणि दर हाच राहिला तर शेवटी १,६२,००० च्या वर हातात येतात. एखाद्या वर्षी कापूस बुडाला तर ५०० भरून खातं जिवंत ठेवता येतं. हंगामी पैशाच्या घराला ही सोय फार मोलाची.

शेअर बाजार

खान्देशात शेअरचं बोलणं निघालं की कुणीतरी अमळनेर काढतोच. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, आणि तेव्हापासून गावातल्या कित्येक घरांनी तिचे शेअर धरून ठेवले. पुढे ती माणसं श्रीमंत झाली, हे खरं. पण हे सांगून जो तुम्हाला कुठल्या तरी शेअरची टीप देतो, तो दोन गोष्टी गाळतो. त्या लोकांनी पिढीभर विकायचं नाव काढलं नाही. आणि त्याच काळात ज्या कंपन्यांचे कागद लोकांच्या ट्रंकेत रद्दी झाले, त्यांची गोष्ट पारावर कुणी सांगत नाही.

पुढचा विप्रो कोणता, हे मला कळत नाही. तुम्हाला टीप देणाऱ्याला कळत असतं तर तो टेलिग्रामवर ग्रुप चालवत बसला नसता. म्हणून मी पोरांना निफ्टी ५० चा इंडेक्स फंड सांगतो: देशातल्या मोठ्या ५० कंपन्यांत थोडा थोडा हिस्सा, निवडायची कटकट नाही, खर्च कमी. १०० ते ५०० रुपयांपासून सुरू होतो. पॅन, आधार आणि बँक खातं लागतं. फंड घेताना "डायरेक्ट" लिहिलेला घ्यायचा. "रेग्युलर"मध्ये मधल्या माणसाचं कमिशन तुमच्या पैशातून दर वर्षी जात राहतं.

एसआयपी दर महिन्यालाच हवी, असा काही नियम नाही. कापूस विकल्यावर २,००० आणि केळीच्या वेळी २,००० असे टाकले तरी ती गुंतवणूकच. चालू केलेल्या एसआयपीच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर बँक दंड कापते, आणि १०० रुपयांच्या एसआयपीपायी शेकड्यात दंड भरलेले मी पाहिलेत.

किती काळासाठी? निफ्टी, म्हणजे याच ५० कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, आणि नोव्हेंबरात परत तिथेच. यावरून "पडला की उठतोच" असं वाटतं. त्याआधी जानेवारी २००८ ची उंची २०१० च्या दिवाळीत जेमतेम दिसली, पुन्हा गेली, आणि पक्की ओलांडायला २०१३-१४ उजाडलं. तुमची पूर्ण डिग्री आणि वर एमपीएससीचे दोन प्रयत्न, एवढा तो काळ. पाच-सात वर्षं लागणार नाही तोच पैसा इथे. फीचा पैसा इथे कधीच नाही.

ऑप्शनचं, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांचं, एका ओळीत: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

विमा एजंट काका घरी येतील. ते नात्यातलेच असतात, नाही म्हणणं जड जातं. तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून नसेल तर तुम्हाला आयुर्विम्याची घाई नाही. शैक्षणिक कर्जावर वडिलांची सही असेल तेव्हा तेवढ्या रकमेचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्यायला अर्थ आहे. पैसे परत देणारी पॉलिसी नको.

कर: भरायचा नसतो, परत मागायचा असतो

विद्यार्थ्याला कराचं ज्ञान बहुतेक वेळा कर भरायला लागत नाही. कापला गेलेला परत मिळवायला लागतं.

नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर शून्य. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के. पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सूट मिळून साध्या उत्पन्नावरचा कर शून्य होतो. पगारदाराला वर ७५,००० ची वजावट. हे पुढे नोकरी लागल्यावर.

आता आमच्याकडे आलेला एक मुलगा घ्या. खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचे व्हिडिओ एडिट करायचा. वर्षात ६०,००० चं काम केलं, खात्यात आले ५४,०००. तो समजत होता की कंपनीने सहा हजार खाल्ले. कंपनीने ते टीडीएस (पैसे देण्याआधीच कापायचा कर) म्हणून दहा टक्क्यांनी कापून त्याच्या पॅनवर सरकारात भरले होते. शिकवण्यांचे ३६,००० धरून त्याचं वर्षाचं उत्पन्न ९६,०००. कर शून्य. म्हणजे सहाच्या सहा हजार त्याचेच, फक्त रिटर्न भरून मागायचे. हे तुमच्याबाबतीत झालंय का ते बघायला आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस आणि एआयएस हे दोन कागद उघडा. पॅन नसेल तर तिथेच आधारवरून ई-पॅन फुकट मिळतं. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, बस. पॅन न देता काम केलं तर टीडीएस दुप्पट, २० टक्के, कापतात.

अशा कामाचं उत्पन्न पगार धरत नाहीत, म्हणून रिटर्नचा आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही. बहुतेकांना आयटीआर-४ लागतो. शेवटची तारीख पोर्टलवर बघून घ्या. फॉर्म भरला की काम झालं, असं समजून निघून जाऊ नका: ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) केला नाही तर तो भरलेला धरत नाहीत. आणि रिफंडसाठी बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेलं हवं. त्या मुलाचं पॅनवर आडनाव आधी आणि बँकेत शेवटी होतं, तेवढ्याने ते आठवडाभर अडलं.

शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त. शेतीचं उत्पन्नही करमुक्त. वडिलांनी कापसाचे पैसे तुमच्या खात्यात टाकले तर ती भेट. आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण, मामा, काका, आत्या, मावशी यांनी कितीही दिले तरी कर नाही. चुलतभाऊ, मामेभाऊ मात्र कायद्याच्या नातेवाइकांत बसत नाहीत, आपण एका ताटात जेवत असलो तरी. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर आले तर सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. खात्यात मोठी रोकड भरली तर कापूस विकल्याची हिशेबपट्टी आणि वडिलांच्या नावचा सातबारा जपून ठेवा. पुढे विचारणा आलीच तर "शेतीचे आहेत" एवढं तोंडी सांगून भागत नाही.

जमीन विकून बापाने सज्ञान मुलाच्या नावावर १० लाखांची एफडी केली, असंही आपल्याकडे होतं. सात टक्क्यांनी ७०,००० व्याज. वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक दहा टक्के कापते, म्हणजे ७,०००. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला तसं घोषणापत्र द्या, ज्याला काउंटरवर सगळे १५जी म्हणतात. नाही दिलं तर वर सांगितल्याप्रमाणे रिटर्न. मुलगा अठराच्या आतला असेल तर हे व्याज आईवडिलांच्याच उत्पन्नात मिळवतात, तेव्हा कर वाचवायला लहान भावाच्या नावावर टाकू नका.

इंडेक्स फंड किंवा शेअर वर्षानंतर विकले तर नफ्यातले पहिले १.२५ लाख सुटतात, पुढे १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. बाकी उत्पन्न कमी असेल तर ४ लाखांतली उरलेली जागा या नफ्यालाही वापरता येते. क्रिप्टोला ती सवलत नाही: पहिल्या रुपयाच्या नफ्यापासून ३० टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

कागदांसाठी एक फाइल करा: पॅन, शिष्यवृत्तीचा मंजुरी आदेश, टीडीएसची प्रमाणपत्रं, हिशेबपट्ट्या, भरलेल्या रिटर्नची पोच. सगळ्याचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. मूळ फाइल गावी ठेवणार असाल तर आईला दाखवून ठेवा. आमच्याकडे एकदा आख्ख्या वर्षाच्या हिशेबपट्ट्या दिवाळीच्या आवराआवरीत फराळाच्या डब्याखाली अंथरल्या गेल्या होत्या, आणि त्यावरचे आकडे चकलीच्या तेलातून आरपार दिसत होते.